झोपल्ती का?

मराठीत पाळी ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आमच्या घरात दोन्ही होते. एक माझी, ती आजारपणातल्या औषधांनी बंद पाडली. दुसरी नवऱ्याची, एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमधली, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. ह्या दोन पाळ्यांची गल्लत डॉक्टरांच्या टेबलावर झाली आणि त्यापायी मी कितीतरी दिवस मेल्यात जमा होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचा शेक झाला, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले. मग एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त रोजची एक गोळी आणि अधूनमधून तपासणी. लोकांनी पेढे मागितले. दवाखान्यातल्या भिंतीवर आमच्यासारख्यांना 'विजेत्या' म्हणून लिहिलेलं आहे. त्या विजेतीला भाकरी थापताना मध्येच खाली बसावं लागतं, हे त्या भिंतीवर कुठं लिहिलेलं नाही.

मी जुन्या जालन्यातल्या एका शाळेत शिकवते. आमची शाळा दुपारची. आजारानंतर पहिल्यांदा वर्गावर गेले तेव्हा वाटलं, होईल हळूहळू. पण थकवा जाईना. हजेरी घेता घेता डोळे मिटायचे, पोरं एकमेकांना ढोसून हसायची. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी विसरायची की पुढे काय लिहायचं होतं. आणि रात्री अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. बुद्धविहारातल्या बायका म्हणायच्या, तू विचार फार करतेस, विचार करू नको. मला ह्या सल्ल्याचा भयंकर राग येतो. विचार न करता जागं राहता येतं, हे ज्यांना रोज डोकं टेकताच झोप लागते त्यांना कसं सांगणार?

खरं तर माझ्या जागण्याला एक ठरलेलं कारण होतं, पण ते मी कुणाला सांगत नव्हते. ते कारण म्हणजे नवऱ्याचा फोन.

केमो चालू असतानाची गोष्ट. ह्यांची रात्रपाळी असायची तेव्हा मुलगी माझ्याजवळ झोपायची, पण ती बारावीला, दिवसभर अभ्यास करून थकलेली. म्हणून हे मिलमधून रात्री चहाच्या सुट्टीत फोन करायचे आणि विचारायचे, "झोपल्ती का?" मागून सळया आदळल्याचा आवाज यायचा. मी म्हणायची, हो, झोपल्ते. मग हे म्हणायचे, बरं, झोप. झोपलेल्या माणसाला उठवून झोपलीस का विचारायचं आणि परत झोप म्हणायचं, ह्यावरून मी ह्यांना पुष्कळ चिडवलं आहे. पण एका रात्री फोन आला तेव्हा माझी जीभ वळेना. अंगात ताप भरला होता आणि मला तो कळलाही नव्हता. मुलगी शेजारी गाढ झोपलेली. हे तसेच, अंगावरच्या काळ्या कपड्यांनिशी, फोरमनला न सांगता निघून आले आणि मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं. हे वाक्य ह्यांच्या डोक्यात कायमचं रुतलं.

पुढे माझी ट्रीटमेंट संपली आणि मिलमधल्या मोठ्या साहेबांना विनवण्या करून ह्यांनी वर्षभर दिवसपाळी मिळवली. मुलगी शिकायला पुण्याला गेली. गेल्या दिवाळीनंतर साहेब बदलले आणि रात्रपाळी परत आली. तिच्याबरोबर फोनही परत आला. आता ताप नव्हता, केमो नव्हती, पण हे न चुकता फोन करायचे आणि मी न चुकता उचलायची. फोन वाजला आणि मी झोपेत राहिले तर हे काम टाकून धावत येतील, ही धास्ती. तापलेल्या सळईजवळ उभा असलेला माणूस घाबरून काहीही करू शकतो. म्हणून मी झोपायचीच नाही. फोन येईपर्यंत टीव्ही बारीक करून बसायची, आणि आला की आवाज मुद्दाम जड करून सांगायची, हो, झोपल्ते. फोन ठेवला की झोप यायची नाही ती नाहीच.

सकाळी हे यायचे, जेवायचे आणि झोपायचे. दोन खोल्यांचं घर, खिडकी रस्त्याकडे. ह्यांना उजेड खुपतो म्हणून मी खिडकीला जाड चादर लावायची, दार लोटायची आणि शाळेची वेळ होईपर्यंत अंधारात पावलं न वाजवता वावरायची. भर दुपारी शाळेला निघाले की ऊन डोळ्यांत घुसायचं. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आली की पहाटे उठून डबा. मस्टरवर नाव ह्यांचं होतं, पण पाळी आम्ही दोघं करत होतो.

अशात तपासणीचं रक्त दिलं. आमचे डॉक्टर संभाजीनगरहून ठरलेल्या दिवशी जालन्यात येतात, त्या दिवशी त्यांच्या ओपीडीत जत्रा भरलेली असते. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, अंगात सूज दिसतेय. मी लगेच पायांकडे बघितलं. ते म्हणाले तशी नाही, रक्तात दिसणारी, ती कशानेही वाढते. मग त्यांनी मला वजन आणि बीपी करायला शेजारच्या खोलीत पाठवलं, हे तिथेच बसून राहिले. तिथेही रांग होती. मी परत आले तोवर त्यांचा चेहरा बदलला होता. पोटाची आणि गर्भपिशवीची सोनोग्राफी ह्याच आठवड्यात करून घ्या, म्हणाले. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, घाबरू नका, एकदा बघून घेऊ. मागच्या पेशंटचा मुलगा दारातून फाईल पुढे करत होता, म्हणून आम्ही उठलो.

'बघून घेऊ' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले होते तेव्हा छातीतली गाठ बोराएवढी होती. त्यामुळे मोटरसायकलवर मागे बसून घरी येईपर्यंत मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. परत आलाय तो. आता गर्भपिशवीत. कुंडलिका नदीच्या पुलावर गर्दी होती, हे मागे वळून म्हणाले, काही नसतंय, मोठे डॉक्टर असंच सांगतेत. मला ह्यांची पाठ दिसत होती आणि ती थरथरत होती की गाडी, ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी माझे पाय बोटांनी दाबून बघितले. खळगा पडतो का, राहतो का. मग हात, मग गाल. मी म्हटलं, अहो, रक्तात आहे ती सूज. तरी दाबतच राहिले. मला इतका राग आला की मी पाय ओढून घेतले, आणि मग रडले. ह्यांनी मुलीला फोन करायला घेतला तो मी हातातून काढून घेतला. तिची परीक्षा जवळ होती.

सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. मी वर्गात पोरांवर ओरडले, कधी नव्हे ते एकाला बाकावर उभं केलं. संध्याकाळी कपाट आवरायला घेतलं आणि ह्यांना सांगू लागले, हे बघा, मुलीचे दागिने इथे, हिवाळ्याच्या गोधड्या वर. ह्यांनी कपाटाचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकवून उभे राहिले. "मला काई सांगू नको," म्हणाले. "तूच काढ लागंल तेव्हा." त्या आठवड्यात रात्रपाळी होती. फोन आता एकाचे दोन झाले.

सोनोग्राफीच्या डॉक्टर एक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच, बोलायला चटचटीत. मी टेबलावर आडवी झाले, त्यांनी पोटावर गार जेल लावलं आणि विचारलं, "ब्लीडिंग कधीपासून सुरू झालं?"

मी विचारलं, कसलं ब्लीडिंग? त्यांनी कागदाकडे बघितलं. "पाळी परत सुरू झालीये ना तुमची? यजमानांनी सांगितलंय म्हणे. दिवाळीपासून."

मी कोपरांवर उठून बसले. म्हटलं, बाई, मला केमोपासून एक थेंबही गेलेला नाही. ह्यांना आत बोलवा. हे बाहेरच्या बाकावर चप्पल काढून बसले होते, तसेच अनवाणी आत आले आणि माझ्या उघड्या पोटाकडे बघून दारातच थबकले. मी विचारलं, डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलं होतं?

"हेच की, दिवाळीपासून पाळी परत चालू झाली."

"कुणाची?"

हे एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरबाईंकडे बघून म्हणाले, "माझी."

डॉक्टरबाईंच्या हातातलं यंत्र तसंच राहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी वजन करायला गेले तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना काम काय करता विचारलं, ह्यांनी सांगितलं, मिलमध्ये. मग कॉम्प्युटरवर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, पाळी परत सुरू झाली का? ह्यांना वाटलं, चौकशी आपलीच चालली आहे. हो साहेब, दिवाळीपासून. किती दिवस असते? हप्ताभर, साहेब. त्रास होतो? रात्रीचा लई होतो, पण आता सवय झाली. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. ह्यांना तर त्यांचं कौतुक वाटलं होतं, एवढा मोठा डॉक्टर पण मजुराची किती बराबर विचारपूस करतो.

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढला. मीही हसले, पोटावरचं जेल ओघळून चादरीवर गेलं तरी हसत राहिले. हे मात्र हसले नाहीत. ते भिंतीला धरून उभे होते आणि विचारत होते, म्हणजे हिला काई झालं न्हाई ना? बाईंनी सोनोग्राफी केलीच. सगळं स्वच्छ निघालं.

पण सुटका एवढ्यावर होणार नव्हती. रक्तातली सूज काही ह्यांच्या बोलण्याने वाढलेली नव्हती, ती होतीच. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी पाळीची हकीकत ऐकली, स्वतःच्याच कपाळाला हात लावला, आणि ह्यांना बाजूला बसवून सगळे प्रश्न मलाच विचारले. किती वाजता झोपता? सकाळी उजेडात कधी जाता? जेवता कधी? मी आधी थातूरमातूर सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मग मी फोनचं सांगितलं, टीव्हीचं, खिडकीवरच्या चादरीचं. शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे मी बघत नव्हते. मी रोज झोपेतून उठून फोन घेते असंच ह्यांना इतके दिवस वाटत होतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. शरीराला स्वतःचं एक घड्याळ असतं, ते सकाळच्या उजेडावर आणि रात्रीच्या अंधारावर चालतं. कॅन्सरच्या औषधांनंतर ते पुष्कळांचं ढिलं पडतं. मी त्याला रात्री उजेड दाखवत होते आणि सकाळी अंधार. झोप मोडली की अंगातली सूज धुमसत राहते, सूज असली की थकवा येतो आणि झोप आणखी मोडते. माझ्या सुजेचं कारण हेच, असं ते छातीठोक सांगायला तयार नव्हते. आधी हे घड्याळ सरळ करा, म्हणाले, काही आठवड्यांनी रक्त परत बघू. तरीही सूज उतरली नाही तर पूर्ण शरीराचा स्कॅन. मग ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "दादा, मी प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला, पण तुमचं उत्तर बरोबर होतं. पाळी परत सुरू झालीय, आणि त्रास रात्रीचाच आहे. तो फोन बंद करा."

घरी आल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्यावर आवाज चढवल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक.

"त्या दिवशी फोन केल्ता म्हणून तू हाईस," हे म्हणाले. "डॉक्टरला काय जातंय बंद कर म्हणायला? तू झोपून राह्यली का काय होऊन राह्यलं तुला, मला तिकडं काय कळंल?"

मी म्हटलं, मी रोज खोटं बोलते तुमच्याशी. तुम्ही विचारता झोपल्ती का, मी हो म्हणते. ह्या खोट्यापायी माझं रक्त बिघडतंय. मला परत त्या मशीनच्या बोगद्यात जायचं नाही. ह्यांनी तोंड फिरवलं. मला ह्यांची फार कीव आली आणि फार रागही आला, दोन्ही एकाच वेळी. ज्या फोनने मला वाचवलं तोच बंद करा म्हणून मी ह्यांच्याशी भांडत होते, आणि तो चालू ठेवा असं म्हणण्यात ह्यांचं तरी काय चुकत होतं? शेवटी दुसऱ्या रात्री हे कामाला निघताना दारात थांबून म्हणाले, न्हाई करत. पण आवाज असा होता की जणू मीच ह्यांना घराबाहेर काढत होते.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्या दिवशी सकाळी गच्चीवर उन्हात फिरले होते, संध्याकाळी लवकर जेवले होते. टीव्ही लावला नाही. दाराला आतून कडी घातली, फोन बंद करून फडताळात ठेवला आणि पडले. लगेच काही झोप लागली नाही. फोन येणार नाही हे माहीत असूनही कान त्याच्याकडेच होते. ह्यांच्या हातातून काही निसटलं तर, कुणी मला कळवायचं म्हटलं तर, असले सगळे विचार आले. विहारातल्या बायकांना उद्या जाऊन सांगेन, आज मात्र खरंच विचार केले, असं काहीतरी मनात आलं आणि त्याच्यापुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती दार तुटेल अशा आवाजाने. खोलीत ऊन आलं होतं, पार माझ्या अंथरुणापर्यंत. खिडकीवरची चादर मी लावलीच नव्हती. बाहेर बरेच आवाज होते. खाली डाळीचे ठोक व्यापारी आहेत, त्यांचा आवाज मी ओळखला. ते म्हणत होते, दादा, बाजूला व्हा, पहार घालू द्या. आणि त्या सगळ्यांवरून ह्यांचा आवाज, माझ्या नावाने, एकसारखा. मला क्षणभर वाटलं, मी स्वप्नात आहे. मग मी पदर सावरत धावले.

नंतर कळलं ते असं. हे कामावरून आले आणि दार वाजवलं. रोज गाडीचा आवाज गल्लीत शिरला की मी दार उघडून उभी असते, ह्यांना कडी वाजवायची सवयच नाही. दार उघडलं नाही. परत वाजवलं, हाका मारल्या, फोन लावला तर बंद. खालच्या दुकानातले हमाल पोतं टाकून वर आले. कुणीतरी पहार आणली. सगळ्या गल्लीला माझा आजार माहीत, त्यामुळे सगळ्यांच्या मनात तेच होतं. पुढे रक्त तपासलं तेव्हा सूज बरीचशी उतरलेली निघाली आणि स्कॅन टळला, पण त्या कागदाचा आनंद मला नीट आठवत नाही. ही सकाळ आठवते.

मी कडी काढली. समोर पहार धरलेला हमाल, त्याच्यामागे व्यापारी, जिन्यावर बायका. हे दाराला अगदी चिकटून उभे होते, ते दार उघडताच आत झुकले आणि चौकट धरून सावरले. तोंडावर मिलची काळी धूळ आणि तिच्यावर ओघळ. ह्यांनी माझ्या गालाला हात लावला. तिथे उशीच्या चुण्या उमटल्या होत्या. मग हे उंबऱ्यावरच खाली बसले आणि सगळ्या गल्लीदेखत, वर बघून, कसंबसं विचारलं,

"झोपल्ती का?"

मी म्हटलं, "हो. झोपल्ते."